ड्रमलाइनची ऑडिशन: दोन हिवाळे आणि एक उन्हाळा

गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या घरांतून माझ्या आईला फोन आले. तिघींचीही मुलं शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवतात आणि तिघींचा प्रश्न साधारण एकच होता: ते ड्रम कोअर म्हणजे नक्की काय, त्याची ऑडिशन कशी असते, आणि तुम्ही पोरीला अडीच महिने कसं पाठवलंत? आईने फोन माझ्याकडे दिला. प्रत्येकीशी तासभर बोलूनही काहीतरी सांगायचं राहूनच गेलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात टेक्ससला, डॅलसजवळ राहायला आलो. मी बारा वर्षांची होते आणि त्याआधी चार वर्षं तबला शिकले होते. इथे शाळेत बँड हा रीतसर विषय असतो. मी पर्कशन, म्हणजे ठोकून वाजवायची वाद्यं घेतली, कारण बाकी कुठल्याच वाद्याशी ओळख नव्हती. तबल्यात बोटांनी आणि तळहाताने नाद काढायची सवय, इथे हातात लाकडी काठ्या. पहिलं वर्ष काठी नुसती नीट उसळू देण्यात गेलं. मार्चिंगच्या, म्हणजे चालत वाजवायच्या, स्नेअर ड्रमवर केव्हलार या चिवट धाग्याचं पान असतं आणि ते इतकं ताणलेलं असतं की काठी दाबून धरली तर ती हाताशी भांडते, सोडली तर स्वतःच वर येते.

मे २०२१ मध्ये हायस्कूलच्या ड्रमलाइनची, म्हणजे बँडमधल्या चालत ड्रम वाजवणाऱ्या गटाची, ऑडिशन दिली. नववीत झांजा मिळाल्या, दहावीत बास ड्रम. दर शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना आणि शरद ऋतूत स्पर्धा. टेक्ससमध्ये शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला ८ तासांची मर्यादा आहे, त्यामुळे घरी काय करता यावर बरंच ठरतं.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ड्रमलाइनमध्ये साधारण तीन गट चालत वाजवतात. स्नेअर म्हणजे १४ इंची कडक आवाजाचा ड्रम. टेनर म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर पाच-सहा ड्रमचा संच. आणि बास म्हणजे पाच वेगवेगळ्या आकारांचे ड्रम, प्रत्येक एकेका माणसाकडे. मारिंबा, व्हायब्राफोन वगैरे पट्ट्यांची मोठी वाद्यं मैदानाच्या पुढच्या कडेला उभी असतात, त्या गटाला फ्रंट एन्सेम्बल किंवा पिट म्हणतात. शाळेच्या पलीकडची पायरी म्हणजे ड्रम कोअर, उन्हाळ्यात गावोगाव फिरून कार्यक्रम करणारा गट. त्यात फक्त पितळी वाद्यं, पर्कशन आणि झेंडे फिरवणारा कलर गार्ड. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही त्यांची मोठी संघटना. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. कॉनकॉर्डचे ब्लू डेव्हिल्स, कँटनचे ब्लूकोट्स, कॅरोलायना क्राउन ही नावं बँडच्या मुलांच्या तोंडी सतत असतात. सभासदांचं वय साधारण विशीच्या सुरुवातीपर्यंतच चालतं, म्हणून प्रत्येकाकडे मोजकीच वर्षं असतात. मी ज्या कोअरमध्ये होते तिचं नाव लिहीत नाही. प्रक्रिया बहुतेक ठिकाणी सारखीच आहे आणि मला तीच सांगायची आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये मी पहिलं ऑडिशन पॅकेट विकत घेतलं, ३५ डॉलरला. त्यात सरावाचे धडे असतात, काठी किती इंच उचलायची ते लिहिलेलं असतं, आणि त्या कोअरची वाजवण्याची पद्धत समजावलेली असते. हे नीट वाचा. मी तेव्हा फक्त नोटेशन वाचलं आणि पद्धतीची चार पानं चाळून सोडून दिली. मला स्नेअरच हवा होता. बँडमध्ये सगळ्यांची नजर स्नेअरवर असते आणि मीही त्याच ओढीत होते. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या यादीतले ४० रुडिमेंट, म्हणजे ड्रमचे पायाभूत बोल, मी वहीत लिहून भिंतीवर चिकटवले आणि रोज दोन तास वेग वाढवत बसले. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. ते मला मिनिटाला १६० च्या लयीत यायला लागलं तेव्हा वाटलं, झालं.

प्रत्यक्ष ऑडिशन कॅम्पमध्ये होते, त्याच्या आधी व्हिडिओ पाठवायचा होता. मी हातांचा छान जवळून व्हिडिओ काढला. दोन दिवसांनी उत्तर आलं: पाय दिसत नाहीत, ४८ तासांत पुन्हा पाठवा. कॅमेरा असा ठेवा की चेहरा, हात आणि पावलं एकाच चौकटीत येतील, मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) ऐकू येईल, आणि मध्ये कुठेही कट नसेल. मोबाईल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून भागतं, पण आधी एक चाचणी चित्रण करून कानाला हेडफोन लावून ऐका. लहान खोलीत स्नेअरचा आवाज मोबाईलच्या माइकला फाटतो, म्हणून मी गॅरेजमध्ये सरावाच्या पॅडवर वाजवलं.

डिसेंबर २०२२ चा कॅम्प दुसऱ्या शहरातल्या एका शाळेत होता. फी १७५ डॉलर, त्यात जेवण आणि जिमच्या फरशीवर झोपायची जागा. बाबांनी चार तास गाडी चालवून सोडलं. स्नेअरसाठी पन्नासच्या वर मुलं होती आणि जागा नऊ, त्यातल्या पाच-सहा जुन्या सभासदांच्या. आम्ही अर्धवर्तुळात उभे राहिलो आणि पहिला धडा सुरू झाला, 'एट्स': उजव्या हाताने आठ ठोके, डाव्याने आठ, एकाच उंचीवरून. जगातला सगळ्यात सोपा धडा. शिक्षक एकेकासमोर येऊन उभे राहत होते आणि हातांकडे न बघता बुटांकडे बघत होते.

वाजवताना जागेवरच पावलं टाकत राहायची असतात, त्याला मार्क टाइम म्हणतात. हात कितीही गुंतागुंतीचं वाजवत असले तरी पाय घड्याळासारखे चालले पाहिजेत. फ्लॅम (मुख्य ठोक्याला चिकटून आधी पडणारा हलका ठोका) आला की माझे पाय एक क्षण थबकत होते. मला ते जाणवतही नव्हतं. माझ्या शेजारचा मुलगा माझ्याहून हळू वाजवत होता, पण त्याची पावलं हलली नाहीत. रविवारी दुपारी यादी वाचली गेली, त्यात मी नव्हते.

परतीच्या चार तासांत मी बोलले नाही. बाबांनी पेट्रोल भरायला गाडी थांबवली तेव्हा कॉफी आणून दिली आणि तेही काही बोलले नाहीत. त्याचं मला आजही बरं वाटतं.

नवव्या दिवशी ईमेलने लेखी मूल्यमापन आलं. हे सगळ्याच कोअर देतात असं नाही, पण देत असतील तर जपून ठेवा. माझ्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पाय अवघड जागी थांबतात. डाव्या हाताचे तीन इंची हलके ठोके हळूहळू पाच इंचांवर जातात. आणि तिसरी: सूचना दिल्यावर बदल व्हायला दोन-तीन फेऱ्या लागतात. तिसरी वाचून मी खूप रडले, कारण ती खरी होती. मला चूक सांगितली की मी मनात आधी तिच्याशी वाद घालत होते आणि मग हात बदलत होते.

पुढचं वर्ष या तीन ओळींवर गेलं. वेगाचा नाद सोडला आणि मिनिटाला ८० वर आले. पॅडवर बसून वाजवणं बंद केलं, रोजचा सराव उभ्याने, पाय चालू ठेवून. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये डावा हात चित्रित केला आणि पॅडमागच्या भिंतीवर तीन इंचांवर टेपची रेघ मारली. मेट्रोनोमच्या अ‍ॅपमध्ये दोन आवर्तनं आवाज आणि दोन मुकी अशी सोय असते, ती वापरली. मुक्या भागानंतर ठोका परत येतो तेव्हा आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. सुरुवातीला मी दर वेळी पुढे धावलेली असायचे.

शाळेतल्या पर्कशनच्या सरांनी मार्चमध्ये सुचवलं की कोअरमध्येही बाससाठीच प्रयत्न कर. मला तो उतरता जिना वाटला. ते म्हणाले, आधी महिनाभर मन लावून वाजवून बघ, मग बोलू. बास ड्रममध्ये सगळे एकत्र वाजवतात तो भाग सोपा असतो. खरं काम 'स्प्लिट'मध्ये. भरभर जाणारी एक ओळ पाच जणांत वाटलेली असते, कधी प्रत्येकाच्या वाट्याला एकच ठोका. पहिल्याने वाजवला, दुसऱ्याने, तिसऱ्याने, आणि ऐकणाऱ्याला एकच सूर खाली उतरल्यासारखा वाटला पाहिजे. तुमचा ठोका केसभर उशिरा पडला तर पाचही जणांची ओळ लंगडते.

मी तिथे सतत चुकत होते, कारण मी माझ्या ठोक्याची वाट बघत होते. जूनमध्ये माझ्या तबल्याच्या गुरुजींशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांनी विचारलं, ओळ तोंडाने म्हणतेस का? लहानपणी ते आम्हाला वाजवू देण्याआधी पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला लावायचे, हाताने टाळी आणि खाली दाखवत. खालीच्या मात्रेला टाळी नसते, पण तिची जागा मोजलेली असते आणि ती चुकली तर समेवर येता येत नाही. मी पाचही जणांची पूर्ण ओळ तोंडाने म्हणायला शिकले, माझ्या ठोक्यावर मांडीवर हात. पंधरा दिवसांत फरक पडला. वाट बघणं संपलं, कारण मनात मी सगळीच ओळ वाजवत होते आणि काठी फक्त एकदा खाली येत होती. तेव्हापासून मला बास मनापासून आवडायला लागला. स्नेअर मिळाला नाही म्हणून धरलेलं वाद्य, असं ते राहिलं नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका कोअरचं पॅकेट घेतलं आणि या वेळी आधी पद्धतीची पानं वाचली. कॅम्प नोव्हेंबरच्या शेवटी होता. नोंदणीसोबत डॉक्टरांकडून शारीरिक तपासणीचा फॉर्म (क्लिनिकमध्ये ४० डॉलर), विम्याच्या कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागत होतं. नोटरीसाठी आम्ही एका दुकानात १० डॉलर देऊन आलो. नंतर कळलं की आमच्या बँकेत खातेदारांना ते फुकट करून मिळतं. फॉर्मवर दोघांच्याही सह्या लागत असतील तर नोटरीसमोर दोघांनाही हजर राहावं लागतं, आम्हाला त्यासाठी दुसरी फेरी पडली.

शुक्रवारी संध्याकाळी हजेरी, छातीवर नाव आणि क्रमांकाची पट्टी. कानात घालायचे इअरप्लग स्वतःचे न्या, आणि पहिल्या मिनिटापासून घाला. बंद जिममध्ये तीस ड्रमांचा आवाज कानाला सोसत नाही. शनिवारी सकाळी आठला व्यायाम आणि मैलभर धावणं, मग रात्री नऊपर्यंत सराव. बाससाठी बावीस जण होतो, जागा पाच. दर वीस मिनिटांनी ड्रम बदलून देत होते. ड्रम बदलला की ओळीतली तुमची जागा बदलते, म्हणजे पूर्ण ओळ माहीत नसेल तर तिथेच अडकायला होतं. एका शिक्षकांनी मला सांगितलं, मनगट थोडं फिरव, दंड हलतो आहे. मी "हो" एवढंच म्हणाले आणि पुढच्याच फेरीत फिरवलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. वर्षभरात मी सगळ्यात जास्त सराव कशाचा केला असेल तर त्या "हो"चा.

चालण्याची वेगळी परीक्षा असते. प्रमाण पाऊल म्हणजे पाच यार्डांत आठ पावलं, प्रत्येक साडेबावीस इंचांचं. ते अंगात मुरवायला मी घराजवळच्या रस्त्यावर खडूने खुणा केल्या होत्या. स्नेअर आणि टेनरवाले प्रेक्षकांकडे तोंड ठेवून खेकड्यासारखे आडवे चालतात. बासवाल्यांचं पान प्रेक्षकांकडे असतं, म्हणून आमचं तोंड मैदानाच्या टोकाकडे. पोटासमोर एवढा ड्रम असताना पायाखालचं दिसत नाही, त्यामुळे पावलाचा अंदाज आधीच पक्का असावा लागतो.

रविवारी मला 'कॉलबॅक' मिळाला. म्हणजे निवड नव्हे, पुढच्या कॅम्पचं आमंत्रण. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो आणि घरी पेढे वाटले जातात, म्हणून सांगते. जानेवारीत आम्ही आठ जण उरलो होतो. त्या कॅम्पला मी दुसऱ्या आणि चौथ्या ड्रमवर आलटून पालटून होते आणि काहीच कळत नव्हतं. एकदा अंतिम यादी कधी लागेल असं विचारणारा ईमेल लिहिला आणि पाठवला नाही. फेब्रुवारीच्या कॅम्पच्या शेवटी एकेकाला बाजूला बोलावून दहा मिनिटं बोलले. मला चौथा बास मिळाला. करार हातात दिला आणि सांगितलं, आज सही करू नकोस, घरी वाचून कर.

तो सल्ला तुम्हालाही. करारात आम्ही चार गोष्टी शोधल्या: एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, मध्येच दुखापत झाली तर किती परत मिळतं, आणि अल्पवयीन सभासदांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम. शेवटचे नियम आईने दोनदा वाचले आणि फोन करून विचारलं की मुली कुठे झोपतात, रात्री कोण मोठं माणूस जागं असतं, तक्रार कोणाकडे करायची. समोरच्या बाईंनी एकाही प्रश्नाला कंटाळा केला नाही. एकूण खर्च ५,३०० डॉलर होता, त्यात ५०० लगेच आणि बाकी पाच हप्त्यांत. शिवाय बूट, हातमोजे आणि प्रवास मिळून साडेपाचशे. मी शिकवण्या घेऊन १,४०० जमवले, ओळखीच्या चाळीस घरांना पत्रं लिहून ९०० मिळाले, उरलेले आईबाबांनी घातले. एवढे पैसे प्रत्येक घरात नसतात. बऱ्याच कोअरमध्ये शिष्यवृत्ती असते आणि तिचा अर्ज वेगळा, लवकर भरायचा असतो. मला ते मार्चमध्ये कळलं, तोवर तारीख गेली होती. शिवाय हिवाळ्यात बंद जिममध्ये सादरीकरण करणारे गट असतात. डब्ल्यूजीआय या त्यांच्या संघटनेची अंतिम स्पर्धा ओहायोतल्या डेटनला होते. तिथे सराव शनिवार-रविवारी आणि घराजवळ, त्यामुळे खर्च बराच कमी पडतो. माझ्या दोन मैत्रिणींनी तोच रस्ता घेतला आणि त्या फार चांगल्या वाजवतात.

मे महिना कागदपत्रांचा होता. एपीच्या, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा १७ मेपर्यंत होत्या, मुक्कामाला जायचं २३ ला, आणि शाळेचा शेवटचा आठवडा बुडणार होता. वार्षिक परीक्षा लवकर देण्याच्या परवानगीसाठी कोअरचं पत्र, बँडच्या सरांची सही आणि मुख्याध्यापकांची मान्यता लागली. त्याला तीन आठवडे गेले. तुम्ही हे एप्रिलच्या सुरुवातीलाच हाती घ्या.

मग दौऱ्याआधीचं चार आठवड्यांचं स्प्रिंग ट्रेनिंग. सकाळी, दुपारी, रात्री असे तीन सराव, मिळून बारा तासांच्या आसपास. पहिल्या आठवड्यात खांद्यांवर ड्रमच्या पट्ट्यांचे वळ उठले आणि टाचेला फोड आले. फोड यायच्या आधी, नुसतं चुरचुरायला लागलं की टेप लावा. गॅलनची बाटली दिवसातून दोनदा भरायची, टोपी रुंद काठाची, सनस्क्रीन दर दोन तासांनी, कानांमागेही. झोपायला एका माणसापुरती हवेची गादी, छोटा पंखा आणि लांब वायर. मी शाकाहारी आहे. फॉर्ममध्ये तशी नोंद केली होती आणि स्वयंपाकाच्या ट्रकवरच्या स्वयंसेवक काकू रोज बीन्स, टोफू, पीनट बटर काहीतरी ठेवायच्या. आईने दिलेली दाण्याच्या चटणीची बरणी दहाव्या दिवशी संपली, कारण ती सगळ्या बास सेक्शनने खाल्ली.

चौदाव्या दिवशी मला घरी जायचं होतं. रात्री फोनवर आईला तसं म्हणालेही. ती म्हणाली, उद्या संध्याकाळी परत फोन कर, तेव्हाही वाटलं तर येते. दुसऱ्या दिवशी सरावात आमच्या पाच जणांची एक ओळ पहिल्यांदा सलग स्वच्छ पडली. शिक्षक मेट्रोनोम बंद करून एवढंच म्हणाले, परत. ती परत तशीच पडली. संध्याकाळी फोन करायचा राहून गेला.

जूनच्या शेवटी दौरा सुरू झाला. कार्यक्रम संपला की रात्री बसमध्ये, पहाटे तीन-चारला पुढच्या गावातल्या शाळेत, जिममध्ये झोप, उठून सराव, संध्याकाळी पुन्हा कार्यक्रम. सॅन अँटोनियोच्या अ‍ॅलामोडोममध्ये आईबाबा बघायला आले. कार्यक्रमाआधी ड्रमलाइन पार्किंगच्या मैदानात हात मोकळे करते आणि लोक भोवती गोल करून उभे राहतात. आई अगदी समोर होती. मला तिच्याकडे बघता येत नव्हतं, पण तिचे पाय आमच्याबरोबर चालत होते ते दिसत होतं.

अंतिम स्पर्धा ८ ते १० ऑगस्टला इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये झाली. गुरुवारच्या प्राथमिक फेरीतून पहिल्या २५ कोअर शुक्रवारी वाजवणार होत्या, त्यातल्या १२ शनिवारी. आमचं त्या उन्हाळ्यातलं शेवटचं वाजवणं शुक्रवारी झालं. शनिवारी प्रेक्षकांत बसून ब्लूकोट्सना जिंकताना पाहिलं. माझ्या शेजारी आमचा पहिला बास बसला होता. त्याचं वय संपलं होतं, त्याला आता पुन्हा कधीच वाजवता येणार नव्हतं. तो प्रत्येक कोअरच्या बास सेक्शनची ओळ तोंडाने म्हणत होता आणि मी मांडीवर चौथा ठोका देत होते.

११ ला रात्री घरी पोचले. आईने आधी हात बघितले, मग खांदे, मग म्हणाली, जेव आणि झोप. बुधवारी शाळा सुरू झाली. सकाळी पावणेसातला बँडचा सराव, आमच्या सेक्शनला नववीतली तीन नवी मुलं. त्यातल्या एकाने विचारलं, काय वाजवायचं? आम्ही मेट्रोनोम ८० वर लावला आणि एट्सने सुरुवात केली. मी त्याच्या बुटांकडे बघत होते.